काटकसर नेमकी कोण करतं?

घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की सगळीकडे साधारण एकच वाक्य ऐकू येतं, "आता जरा हात आखडता घ्यायला हवा". सगळे माना डोलावतात आणि उठतात. कुणी आखडता घ्यायचा, कशात, किती आणि कधीपर्यंत, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. मग काय होतं, की ज्याचा हात खर्चाच्या सगळ्यात जवळ असतो त्याच्यावर ते सगळं येऊन पडतं, आणि बहुतेक घरांत तो हात घर चालवणाऱ्या बाईचा असतो.

गेल्या काही काळात काटकसरीवरचं मी भरपूर वाचलं, कारण वाचायची वेळच आली. नवऱ्याच्या कंपनीत पगारकपात झाली, माझं घरून चालणारं काम जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि महागाई काही आमच्यासाठी थांबली नाही. त्या लेखांचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही, झाला. यादी करून बाजारात जा, मोठी खरेदी दोन दिवस लांबवा, नको असलेली सबस्क्रिप्शन बंद करा, सगळं बरोबर आहे. पण वाचताना एक गोष्ट सतत खटकायची. या सगळ्या लेखांत घर म्हणजे जणू एकच माणूस असतो, एक खिसा, एक पोट, एक इच्छा. आमच्या घरात पाच माणसं आहेत आणि पैसा कमी पडतो तेव्हा तो पाचही जणांना सारखा कमी पडत नाही. मला यावरच लिहायचंय, बाकी टिप्स कुठेही मिळतात.

आधी हिशोब बघू, कारण हिशोब बघितल्याशिवाय ही गोष्ट डोळ्यासमोर येत नाही. समजा घरात महिन्याला १०० येतात. त्यातले ६० ठरलेले आहेत, म्हणजे घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता, शाळेची फी, इन्शुरन्स, प्रवास, ज्यांना तुम्ही हातही लावू शकत नाही. उरलेल्या ४० मध्ये किराणा, औषधं, कपडे, दुरुस्त्या, पाहुणे, सगळं काही. आता पगार २० टक्क्यांनी कमी झाला. ६० तर ६०च राहिले, त्यांना तुमच्या पगाराशी काही देणंघेणं नाही. म्हणजे ४० चे झाले २०. पगार आणणाऱ्याच्या दृष्टीने कपात २० टक्क्यांची, पण घरखर्च सांभाळणाऱ्याच्या हातात येणारी रक्कम थेट अर्धी. दोघं एकाच घरात राहतात, एकाच कपातीबद्दल बोलतात आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळे आकडे असतात. मला हे कळलं तेव्हा आमच्यातली बरीचशी चिडचिड कुठून येत होती तेही कळलं. तो म्हणायचा की एवढंही काही आभाळ कोसळलेलं नाही, आणि त्याच्या आकड्यानुसार ते खरंच होतं.

याच्याच जोडीला अजून एक गोष्ट असते जी पगारकपात नसलेल्या घरांतही चालू असते. घरखर्चाला म्हणून एक रक्कम ठरलेली असते आणि ती वर्षानुवर्षं तीच राहते. भांडण नको म्हणून कुणी विषय काढत नाही. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर पाच वर्षांनी त्याच रकमेत आधीच्या जेमतेम ७५ टक्के वस्तू येतात. म्हणजे कुणीही काहीही न बोलता, कुठलाही निर्णय न होता, घर चालवणाऱ्या माणसाच्या हातातून पाव भाग निघून गेलेला असतो. आणि तरी घरात सगळं पूर्वीसारखंच चाललेलं दिसतं, ताटात काही कमी नाही, पाहुणे आले तर चहापाणी होतं. तो पाव भाग कुठून भरून निघाला हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण सगळं चालूच आहे ना. तो भरून निघतो तिच्या वेळातून, तिच्या पायपिटीतून, आणि बऱ्याचदा तिने स्वतःसाठी न घेतलेल्या गोष्टींतून.

त्यात पुन्हा पाकिटं लहान होतात ते वेगळंच. १०० ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत ९० ग्रॅमचं झालं तर ती ११ टक्क्यांची दरवाढ असते, पण छापलेली किंमत तीच असल्यामुळे ती फक्त सामान आणणाऱ्याच्या लक्षात येते, तेही पाकीट चार दिवस आधी संपलं की. मी आता पाकिटावरची किंमत बघतच नाही, वजन आणि किलोचा दर बघते. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असंही नाही, आमच्याकडे दोन-तीन वस्तूंचं मोठं पाकीट किलोमागे महाग निघालं.

एर्न्स्ट एंगेल नावाचे एक जर्मन संख्याशास्त्रज्ञ होते, त्यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे घरखर्चाचे हिशोब तपासून एक गोष्ट मांडली, की कुटुंब जितकं गरीब तितका त्याच्या उत्पन्नातला अन्नावर जाणारा हिस्सा मोठा. आज अर्थशास्त्रात तो एंगेलचा नियम म्हणून शिकवतात. मला त्यातलं जे भिडलं ते हे, की हात तंग झाल्यावर बाकी सगळं गळत जातं आणि शेवटी स्वयंपाकघर उरतं, आणि स्वयंपाकघरात काटकसर करणं म्हणजे ती रोज करणं, दिवसातून दोन-तीनदा करणं, त्याला सुट्टी नाही. एखादी ट्रिप कॅन्सल करणं सोपं असतं, एकदा वाईट वाटतं आणि संपतं. रोजचा स्वयंपाक कमीत भागवणं हे कधीच संपत नाही.

आता पैसा कुणाच्या हातात असतो यावर. जॅन पाल या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात नवरा-बायको घरातला पैसा कसा हाताळतात याचा अभ्यास केला होता. त्यांनी ताबा आणि व्यवस्था या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. मोठे निर्णय कोण घेतं तो ताबा, आणि रोजचं भागवतं कोण ती व्यवस्था. त्यांना असं दिसलं की जिथे पैसा तुटपुंजा असतो तिथे तो सांभाळायचं काम बहुतेक बायकांकडे येतं, कारण तिथे ते कटकटीचं काम असतं, आणि जिथे पैसा बऱ्यापैकी असतो तिथे ताबा पुरुषांकडे जास्त दिसतो. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. कितीतरी घरं डोळ्यासमोर आली, जिथे "आमच्याकडे सगळे व्यवहार तिच्याच हातात असतात" असं कौतुकाने सांगितलं जातं, आणि तिच्या हातात खरं तर फक्त टंचाई असते.

पैसा घरात आला म्हणजे तो आपोआप सगळ्यांचा होतो, असं आपण धरून चालतो. ब्रिटनमध्ये यावर एक मोठा बदल होऊन गेला. आधी मुलांसाठीच्या मदतीतला मोठा भाग वडिलांच्या पगारावरच्या करसवलतीतून मिळायचा. १९७७ पासून ती पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करून चाइल्ड बेनिफिट म्हणून पैसे थेट आईच्या हातात द्यायला सुरुवात झाली. शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलॅक आणि टेरेन्स वेल्स या अर्थतज्ज्ञांनी नंतर, १९९७ मध्ये, त्या काळातले घरखर्चाचे आकडे तपासले तेव्हा दिसलं की पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत मुलांच्या आणि बायकांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला होता. पैसे कुणाच्या हातात पडतात त्यावर ते कशावर खर्च होतात हे बदललं. त्याच्याही कितीतरी आधी, १९४५ मध्ये तिथे कुटुंबभत्त्याचा कायदा होत होता तेव्हा खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी तो भत्ता आईलाच मिळावा म्हणून जोर लावला होता आणि ते मान्यही झालं. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो, कारण हे तिला कुठल्याही आकडेवारीच्या आधी कळलं होतं.

मी हे सगळं पुरुषांविरुद्ध लिहितेय असं कृपया समजू नका. आमच्या घरात नवऱ्याने काय काय सोडलं ते मला नंतर कळलं. तो ऑफिसात दुपारचा चहा घेत नव्हता आणि दोन स्टॉप आधी उतरून चालत येत होता, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. मी माझा चष्म्याचा नंबर बदलून घेणं पुढे ढकलत होते आणि डोकं दुखतं म्हणून रात्री लवकर झोपत होते. दोघंही एकमेकांपासून लपवून काटकसर करत होतो. प्रत्येकाला आतून वाटत होतं की आपणच जास्त सोसतोय. गुपचूप केलेल्या काटकसरीचं हेच वाईट आहे, ती मोजली जात नाही, म्हणून तिची कदरही होत नाही आणि तिला मर्यादाही राहत नाही.

आणि खरी काळजी मला मोठ्यांची नाही, म्हणजे आमच्या वयाच्या लोकांची नाही. काळजी वाटते ती दोन टोकांच्या माणसांची. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या महिना उलटला तरी संपल्या नव्हत्या. सहज डबी उघडली तर अर्ध्या केलेल्या गोळ्या. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, आता बरं वाटतंय मला, कशाला उगाच रोज आख्खी घ्यायची". त्यांना कुणीही काहीही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी फक्त आमची बोलणी ऐकली होती. रक्तदाबाचं औषध बरं वाटतंय म्हणून कमी करायचं नसतं, रक्तदाब वाढलेला असताना बऱ्याचदा काहीच त्रास जाणवत नाही आणि दुखणं आतल्या आत वाढत राहतं. त्या अर्ध्या गोळीने वाचलेला पैसा आणि हॉस्पिटलचा एक दिवस यांची तुलनाच होऊ शकत नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर कृपा करून हे एकदा बघा. त्यांना विचारू नका, ती नाहीच म्हणतील, सरळ डबी उघडून गोळ्या मोजा. तेच औषध स्वस्त जेनेरिकमध्ये मिळतं का हे डॉक्टरांनाच विचारायचं, आणि विचारायला लाजायचं नाही, आम्ही विचारलं, त्यांनी लगेच लिहून दिलं.

दुसरं टोक मुलांचं. मोठी मुलगी काही मागेनाशी झाली तेव्हा मला आधी बरं वाटलं, पोरगी समजूतदार झाली म्हणून. मग तिचे बूट तिला घट्ट होत होते आणि ती बरेच दिवस टाचेवर पट्टी लावून जात होती हे कळलं. मुलांपासून पैशाचं लपवलं की मुलं निश्चिंत राहतात असं आपल्याला वाटतं, पण ती बंद दारामागचे आवाज ऐकतात आणि स्वतःच काहीतरी अंदाज बांधतात, आणि तो अंदाज खऱ्यापेक्षा नेहमी जास्त भीतीचा असतो. आम्ही नंतर दोघांनाही बसवून सांगितलं. धाकट्याला एवढंच, की सध्या आपल्याकडे पैसे कमी येतात, घर आहे, शाळा आहे, जेवण आहे, ते कुठेही जाणार नाही. मोठीला आकडे दाखवले. तिने पहिला प्रश्न विचारला, "मग मी बूट घेऊ शकते का?" हो, बूट घेऊ शकतेस, बूट ही गरज आहे, आणि गरज लपवायची नसते.

या बोलण्यातून घरात कुणाला कशावरून बोलणी बसतात हेही तपासून बघितलं. लाइट चालू राहिला, पंखा चालू राहिला यावरून मुलांना दिवसभर ओरडा बसतो, नाही का? आता त्याचा हिशोब. २००० वॅटचा गिझर एक तास चालला तर २ युनिट जातात. तेवढ्याच विजेत ९ वॅटचा एलईडी बल्ब २०० तासांहून जास्त जळतो. म्हणजे मुलगा आठवडाभर रोज रात्री बाथरूमचा दिवा विसरला तरी मोठ्यांच्या एका निवांत आंघोळीएवढं बिल होत नाही. दिवा बंद करायची सवय चांगलीच आहे, ती लावावी, पण बिल कमी करायचं असेल तर पाणी तापवणं, इस्त्री आणि खोली थंड किंवा गरम करणं या गोष्टींकडे बघायला हवं आणि त्या जवळजवळ सगळ्या मोठ्यांच्या ताब्यात असतात. आम्ही गिझर आंघोळीच्या आधी ठरलेली मिनिटं चालू ठेवतो आणि बंद करून मग आंघोळीला जातो. पुढच्याच बिलात फरक दिसला, आणि मुलांवरचं ओरडणं बंद झालं हा त्याहून मोठा फायदा.

काटकसरीत थकवा फार येतो यावरही कुणी बोलत नाही. सेंदिल मुल्लइनाथन आणि एल्डार शफीर यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेलं एक संशोधन २०१३ मध्ये 'सायन्स' या विज्ञान साप्ताहिकात आलं होतं. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांच्या त्यांनी बौद्धिक चाचण्या घेतल्या, एकदा उसाचे पैसे हातात यायच्या आधी, हात तंग असताना, आणि एकदा पैसे आल्यावर. तीच माणसं, पण तंगीच्या दिवसांत त्यांना चाचण्या जास्त अवघड गेल्या. पैशाची चिंता डोक्यातली जागाच खाऊन टाकते. हे वाचून मला स्वतःबद्दल जरा दया आली. दुकानात उभं राहून हे घेतलं तर ते ठेवायला लागेल, ते ठेवलं तर परवा पुन्हा यायला लागेल, असं दिवसभर मनात चालू असताना माणूस मुलाच्या गणिताला चुकेल, दूध उतू जाईल, चिडचिड होईल, यात नवल काय. हिशोब करणं हे सुद्धा एक काम आहे आणि तेही वाटून घ्यायला हवं. आमच्याकडे आता महिन्याचा किराणा नवरा आणतो, यादी आणि ठरलेले पैसे दोन्ही घेऊन. पहिल्या वेळी तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडून ऐकलं की भाव कुठच्या कुठे गेलेत, आणि त्यानंतर आमचं पैशावरचं बोलणं बदललं ते बदललंच.

हिशोबाची वहीसुद्धा याच कारणासाठी उघड्यावर ठेवली. जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरगुती हिशोबाची खास वही छापली होती, काकेइबो म्हणतात तिला, आणि तिचा भर आधी बजेट आखून मग त्यात खर्च बसवण्यावर होता. आमची वही साधी आहे, फ्रिजवर ठेवलेली असते, ज्याने खर्च केला त्याने लिहायचं, आणि दुसऱ्याने लिहिलेल्यावर तिथल्या तिथे कॉमेंट करायची नाही, महिनाअखेरी एकदाच बसून बोलायचं. ॲपपण वापरून बघितलं पण ॲप एकाच्या फोनमध्ये राहतं आणि मग तो एकटाच पुन्हा सगळ्यांचा पहारेकरी होतो. वहीत एक पान वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांचं आहे, इन्शुरन्सचा प्रीमियम, वह्या-पुस्तकं, गाडीची सर्व्हिसिंग वगैरे. सगळ्याची बेरीज करून बाराने भागायची आणि ती रक्कम दर महिन्याला बाजूला ठेवायची. अचानक आलेला खर्च म्हणून आपण ज्यावर डोकं धरून बसतो त्यातला बराचसा अचानक आलेला नसतोच, तो दरवर्षी त्याच महिन्यात येत असतो.

कर्जाचं मात्र थोडं सविस्तर सांगते कारण तिथे लपवाछपवी सगळ्यात महागात पडते. क्रेडिट कार्डावर मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात भरावीच लागणारी किमान रक्कम, भरली की निभावलं असं वाटतं. व्याज महिन्याला ३ टक्के असेल तर चक्रवाढीने वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. मिनिमम समजा थकबाकीच्या ५ टक्के आहे, तर त्या पाचातले जवळजवळ तीन व्याजातच जातात. नवीन काहीही न घेता फक्त मिनिमम भरत राहिलं तरी थकबाकी अर्धी व्हायला अडीच वर्षांहून जास्त लागतात. कितीतरी घरांत असं एखादं कार्ड एकाच माणसाला माहीत असतं, बाकीचे पै-पै वाचवत असतात आणि वाचवलेलं सगळं त्या व्याजात जात असतं, कुणाला पत्ता नाही. म्हणून काटकसर सुरू करायच्या आधी, काहीही कमी करायच्या आधी, सगळी देणी एका कागदावर यायला हवीत, दोघांची, लाज वाटणारीसुद्धा. त्या वेळी समोरच्याने रागावायचं नाही, निदान त्या दिवशी तरी नाही, नाहीतर पुढच्या वेळी कागद कोराच राहील. मग ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते आधी फेडायचं. आणि हप्ता चुकणार असं दिसत असेल तर तो चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोलायचं, चुकल्यानंतर दंड आणि फोन दोन्ही सुरू झालेले असतात.

काय कापायचं नाही याचीपण यादी केली आम्ही आणि ती कापायच्या यादीपेक्षा महत्त्वाची ठरली. औषधं, चष्मा, दात, गाडीचे ब्रेक, हेल्थ इन्शुरन्स. ही सगळी अशी खाती आहेत की आज वाचवलेलं उद्या दामदुप्पट भरायला लागतं. आणि अजून एक खातं, प्रत्येकाचा थोडा हातखर्च, ज्याचा हिशोब कुणी कुणाला द्यायचा नाही. रक्कम अगदी छोटी, पण कमावणाऱ्याला, न कमावणाऱ्याला आणि सासूबाईंना सारखी, मुलांना त्यांच्या वयाप्रमाणे. यावर मला ऐकून घ्यावं लागलं, की पैसे नसताना ही चैन कशाला. मी अडून बसले. स्वतःच्या मर्जीचे चार पैसे हातात नसले की माणसाला प्रत्येक लहान गोष्टीसाठी परवानगी मागायला लागते, आणि जो परवानगी मागत राहतो तो हळूहळू मागणंच सोडतो. सासूबाई त्यांच्या पैशातून दर आठवड्याला फुलं आणतात. आधी त्यांनी ती बंद केली होती, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

जेम्स ड्यूझेनबेरी या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९४९ मध्ये मांडलं होतं की उत्पन्न वाढलं की खर्च सहज वाढतो, पण उत्पन्न घटलं की खर्च तितक्या सहज खाली येत नाही, माणूस आपल्या आधीच्या राहणीला धरून बसतो. खरं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, माणसाला सवय लागते. पण घरातला खर्च खाली येताना तो एकसारखा येत नाही हे मी रोज बघत होते. एकाची राहणी तशीच राहते ती बहुतेक दुसऱ्या कुणाची दोन पायऱ्या खाली गेलेली असते म्हणून. त्यामुळे आमच्या महिनाअखेरच्या बसण्यात मी एक प्रश्न कायमचा घातलाय, या महिन्यात कुणी काय सोडलं? प्रत्येकाने सांगायचं, मुलांनीसुद्धा. पहिल्यांदा सगळे संकोचले, नवरा म्हणाला की हे काय बोलून दाखवायचं असतं का. असतं. बोलून दाखवलं नाही तर ज्याला न बोलता सोसायची सवय आहे त्याच्याकडेच ते पुन्हा पुन्हा जातं.

त्या उत्तरांची वहीत मागच्या पानावर यादी होत गेली, तारखेसकट. आता नवऱ्याच्या पगारातली थोडी कपात मागे घेतली जाईल अशी चिन्हं आहेत, पूर्ण नाही, आणि हेही लक्षात ठेवायला लागतं की २० टक्के कमी झालेला पगार पूर्वपदावर यायला २५ टक्के वाढ लागते. जे काही येईल त्यातला एक भाग आधी बाजूला पडेल, अडीअडचणीसाठी. उत्पन्नाच्या १० टक्के वाचवले तर एका महिन्याचा खर्च साठायला नऊ महिने लागतात, २० टक्के वाचवले तर चारच, त्यामुळे सुरुवातीला तरी हा भाग मोठा ठेवायचा असं ठरलंय. उरलेल्यातून काय परत आणायचं ते मागच्या पानावरून ठरेल. ज्याने जे आधी सोडलं ते आधी परत, गरजेचं असेल तर त्याच्याही आधी. चष्मा आणि बूट थांबलेच नाहीत, ते होऊन गेले. पहिला नंबर नवऱ्याच्या बसच्या पूर्ण तिकिटाचा आहे, मग माझं लायब्ररीचं सदस्यत्व, मग मोठीचा ड्रॉइंगचा क्लास. टीव्हीवरचं सबस्क्रिप्शन सगळ्यात शेवटी आहे आणि ते परत घ्यायचं की नाही यावर धाकटा एका बाजूला आणि सासूबाई दुसऱ्या बाजूला आहेत, तो निर्णय पुढच्या महिनाअखेरी घ्यायचाय.